माझ्यापुढचा खळगा

उजाडता उजाडता मैदानाचे लोखंडी फाटक करकरते आणि बाबुराव आत येतात. आधी ते साहित्याच्या खोलीचे कुलूप काढतात, मग नळाला रबरी पाइप जोडतात. पाणी यायला वेळ लागतो. तोवर ते पायरीवर बसून कागदी कपातला चहा संपवतात आणि पलीकडच्या रस्त्याकडे बघत राहतात. शीळफाट्याकडे निघालेल्या कंटेनरांची रांग तेव्हाच लागलेली असते. फिरायला येणारी मंडळी मैदानाच्या कडेकडेने फेऱ्या मारतात. त्यांतले एक गृहस्थ मोबाइलवर भजने लावून चालतात आणि त्यांच्यामागे एक तांबडी कुत्री निमूट चालते. पाणी आले की बाबुराव मैदानाच्या चारही कोपऱ्यांवर शिंपडतात आणि शेवटी मधोमध येऊन माझ्यावर उभे राहतात. चपलांना लागलेला चिखल ते माझ्या कडेला घासून काढतात. माझा दिवस असा सुरू होतो.

मित्रांनो, त्या चपलांखालची पट्टी म्हणजे मी. दोन फूट लांब, वीतभराहून थोडी कमी रुंद, एके काळी पांढरीशुभ्र आणि आता जुन्या दातांसारखी पिवळट. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. पिचरने जिच्यावर पाय ठेवून चेंडू टाकायचा, ती रबराची पट्टी मी आहे. माझ्या अंगातून लांब लोखंडी खिळे आरपार गेले आहेत आणि ते डोंबिवलीच्या या मुरमाड जमिनीत घट्ट रुतले आहेत. बॅटी घरी जातात. हातमोजे थैलीत बसून पुण्या-नाशिकचे सामने बघून येतात. चेंडू तर कुंपणापलीकडे हरवूनसुद्धा जातात, आणि मला त्यांचा हेवा वाटतो. मी मात्र जिथे ठोकली गेले तिथेच आहे. फलंदाजाने धावत गाठायचा पहिला बेस माझ्यापासून इतका जवळ, पण त्याचे तोंड मी कधी जवळून पाहिलेले नाही.

उत्तरेकडच्या एका लहानशा कारखान्यात, तापलेल्या साच्यात दाबून मला घडवले. पाय घसरू नये म्हणून माझ्या पाठीवर बारीक खरखरीत रेघा उमटवल्या. तिथून मी कल्याणच्या घाऊक बाजारातल्या एका दुकानात आले आणि लेझीम व कॅरमबोर्ड यांच्यामध्ये बरेच दिवस उभी राहिले. मी काय वस्तू आहे, हेच कुणाला कळत नसे. "पायपुसणं आहे का हो हे?" असे एका बाईंनी दुकानदाराला विचारले होते. शेवटी दौलत भोईर सर आले. त्यांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि "हीच ती!" असे एवढ्या आनंदाने म्हणाले, की त्या दिवसाची आठवण मला अजून ऊब देते.

भोईर सर जवळच्याच गावचे, अंगापिंडाने पक्के कबड्डीपटू. इथल्या महाविद्यालयात क्रीडाशिक्षक म्हणून लागल्यावर मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ उभा करायचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी स्वतः हा खेळ कधी खेळलेला नव्हता. पुस्तके वाचून, व्हिडिओ बघून, ज्याला त्याला विचारून ते शिकले आणि मुलींना शिकवत गेले. मला त्यांनी स्वतःच्या हातांनी ठोकले. शेवटचा खिळा आत गेल्यावर माझ्यावर थाप मारून म्हणाले, "बस इथं. हलू नको." मी हलले नाही.

सुरुवातीची वर्षे कौतुकाची होती. खंडेनवमीला मुली सगळ्या साहित्याची पूजा करत आणि माझ्यावरही झेंडूचे फूल ठेवत. ज्या दिवशी आमच्या संघाने पहिल्यांदा ठाण्याच्या संघाला हरवले, त्या दिवशी माझ्यापुढे नारळ फुटला. पण त्याच दिवशी एक चूकही रुजली, आणि तिच्याबद्दलच मला तुम्हाला सांगायचे आहे.

पिचर माझ्यावरून पुढे झेपावते तेव्हा तिच्या बुटाचे टोक माझ्यापुढची माती उकरते. हळूहळू तिथे खळगा पडतो. खेळ संपल्यावर तो ओल्या मातीने भरून धुमसाने चोपायचा असतो. त्या विजयाच्या दिवशी बाबुराव घमेले घेऊन आले, तेव्हा सर म्हणाले, "राहू दे, बाबुराव. आजचा खळगा लकी आहे." दुसऱ्या सामन्यातही संघ जिंकला. मग खळग्याला कुणी हात लावेना. तो खोल झाला, त्याची पुढची कड दगडासारखी घट्ट झाली. त्या कडेला पाय अडकवून जोर लावला की चेंडू सणसणत जातो, हे मुलींच्या लक्षात आले. नव्या मुलींना जुन्या मुली तेच शिकवू लागल्या आणि सरही मान डोलावू लागले.

खेळाचा नियम मात्र असा आहे: पिचरने माझ्यावर पाय ठेवून सुरुवात करायची आणि चेंडू सोडतानाचा जोर माझ्यावरूनच लावायचा. माझ्यावरून पुढे उडी मारून, तिथे नव्याने पाय रोवून, तिथून जोर लावला तर तो चेंडू बेकायदा. त्यामुळे पिचर फलंदाजाच्या जवळ जाते आणि फलंदाजाला चेंडू बघायलाच वेळ मिळत नाही. सरांची समजूत अशी, की सुरुवातीला पाय पट्टीला लागला म्हणजे नियम पाळला गेला. त्यांनी कुणाला फसवले नाही. ते तसेच समजून चालले होते.

मग पंचांनी कधी सांगितले कसे नाही, असे तुम्ही विचाराल. आमच्या भागात एका महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक दुसऱ्यांच्या सामन्याला पंच म्हणून उभे राहतात. आज मी तुझ्या मैदानावर, उद्या तू माझ्या. त्यामुळे सगळ्यांमध्ये एक न बोललेला समझोता होता: पिचरच्या पायाकडे बघायचे नाही. "एवढं बारीक बघत बसलो तर मॅच दिवाळीपर्यंत चालेल," असे म्हणून ते एकमेकांना टाळी देत. सरांना ते गप्प बसणे म्हणजे पसंती वाटली. मुलींनी सरांवर विश्वास ठेवला. आणि मला मात्र प्रत्येक चेंडूला कळत होते. अंगावरचा भार एकदम हलका होई, आणि पुढच्याच क्षणी त्या खळग्यात धप्प असा आवाज येई. ते सांगायला मला तोंड नव्हते.

अशाच एका जूनमध्ये शिवानी आली. सडपातळ, लांब हातांची, अतिशय कमी बोलणारी. सुरुवातीला तिचा चेंडू कुठेही जाई. हसणाऱ्या मुलींत कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारी, मृणाल सगळ्यांत मोठ्याने हसे, आणि सगळे घरी गेल्यावर तिचे चेंडू पकडायला थांबणारीही तीच. खळग्याची युक्ती शिकल्यावर शिवानीचा चेंडू सुसाट सुटला. तिसऱ्या वर्षापर्यंत आजूबाजूच्या महाविद्यालयांत तिचे नाव झाले.

तिच्या घरी ठरलेले होते, की पदवी झाल्यावर तिने मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचे. तिला क्रीडाशिक्षिका व्हायचे होते. विद्यापीठाच्या संघात नाव आले तर क्रीडाशिक्षणाचा अभ्यासक्रम करू देईन, असे आईने, शीलाताईंनी, कबूल केले होते. आणि हे तिचे शेवटचे वर्ष होते. विभागाची अंतिम फेरी आमच्याच मैदानावर होती, आणि त्यानंतरच्या रविवारी ठाण्याला विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी.

अंतिम सामना कल्याणच्या संघाशी होता. पंच दोन होते. अंबरनाथचे महेंद्र सर मुख्य पंच, आणि बेसजवळ ठाण्याच्या एका महाविद्यालयातल्या विनिता मॅडम, ज्या पंचांची परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झाल्या होत्या. मैदान तपासताना दोघे माझ्यापाशी येऊन थांबले.

"सर, हा खळगा भरून घ्यायला हवा ना?" विनिता मॅडमनी विचारले.

"अगं, भोईरांचा खळगा आहे तो. माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. भरायला सांगितलास तर ते आपल्याला त्यातच पुरतील." महेंद्र सर हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ विनिता, तू बेसकडे बघ. पायाकडे बघू नको. पुढच्या महिन्यात तुझ्या पोरी इथंच खेळायच्यात. पंच कोण असणार, सांग?"

"भोईर सर."

"मग? शहाणी आहेस."

विनिता मॅडम वाकल्या, माझ्यावरची माती बोटांनी झटकली आणि आपल्या जागेवर गेल्या. त्याही ठोकल्या गेल्या आहेत, असे मला वाटले; फक्त त्यांचे खिळे दिसत नव्हते.

कल्याणच्या संघाची गाडी पत्रीपुलाच्या वाहतुकीत अडकली आणि सामना उशिरा सुरू झाला. एरवीचे सामने सकाळच्या ओलाव्यात होत. त्या दिवशी ऊन चढले, माती वाळली. शिवानीच्या प्रत्येक चेंडूबरोबर धूळ उडू लागली, आणि ती माझ्यापाशी उडत नव्हती. माझ्या पुढे, खळग्याच्या कडेवर, धुळीचा छोटा भपका उठे. तो विनिता मॅडमच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

डाव बदलताना त्या शिवानीजवळ आल्या. "बेटा, जोर पट्टीवरून लाव. पुढे उडी मारून तिथून लावतेयस तू. पुन्हा दिसलं तर चेंडू बेकायदा म्हणून हात काढावा लागेल मला."

"काय झालं मॅडम? मी कायम असंच टाकते," शिवानी गोंधळून म्हणाली.

सर लांबूनच धावत आले. "मॅडम, मॅच चालू असताना पोरीला काय शिकवताय? एवढी वर्षं कुणाला दिसलं नाही, तुम्हालाच बरं दिसलं?"

"दिसलं सगळ्यांनाच असणार, सर."

सरांचा चेहरा लाल झाला. ते तडक मागे वळले. त्या वेळी त्यांना त्या वाक्याचा फक्त रागच आला असावा.

शेवटच्या डावात धावा बरोबरीत होत्या आणि कल्याणच्या मुली फलंदाजीला होत्या. त्यांची एक धाव म्हणजे सामना संपला. शिवानी माझ्यावर उभी राहिली आणि तिने प्रथमच मॅडमनी सांगितले तसे केले. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका पिचरने आपला सगळा जोर माझ्यावरून लावला होता. माझे खिळे आतपर्यंत थरथरले. पण तिच्या शरीराला त्याची सवय नव्हती. चेंडू भरकटला.

फलंदाजाच्या टप्प्यात न आलेल्या चेंडूला 'बॉल' म्हणतात. असे चार बॉल पडले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. शिवानीचे चेंडू भरकटत राहिले आणि बघता बघता तिन्ही बेस भरले. दोघी जणी झेल देऊन बाद झाल्या होत्या. आता एक बाद झाली असती तर डाव संपला असता. उलट आणखी एका फलंदाजाला चार बॉल मिळाले, तर सगळ्या जणी एकेक बेस पुढे सरकणार आणि तिसऱ्या बेसवरची मुलगी घरी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, पोहोचून धाव होणार. बेकायदा चेंडूची शिक्षाही तीच: तो कसाही पडो, बॉल धरला जातो.

"शिवा, नेहमीसारखं टाक!" सर कडेवरून ओरडत होते. "नेहमीसारखं टाक गं!"

मृणाल मुखवटा वर करून धावत आली. "घाबरू नको. मॅडम नुसत्या बोलल्या. फायनलला कोण हात काढतंय?"

"आणि काढला तर?"

"तर हरलो. पण तू असं पोस्टमनसारखं घरोघरी टाकत राहिलीस तरी हरलोच ना?"

शिवानीला हसू आले नाही. समोरच्या फलंदाजाला तीन बॉल पडले होते; तिचेही दोन फटके चुकले होते. आणखी एक चुकला तर ती बाद. शिवानीचा उजवा पाय माझ्यावर होता. माझ्यावरून जोर लावला तर चेंडू भरकटणार; पुढे जाऊन लावला तर मॅडमचा हात निघणार. ती अडकली होती, आणि मी तिच्या पायाखाली अडकले होते. मग माझ्यावरचा भार हलका झाला. पुढे धप्प आवाज आला. चेंडू सुसाट गेला, बॅट हवेतच फिरली आणि चेंडू मृणालच्या हातमोज्यात बसला.

डाव वाचला म्हणून आमच्या मुली किंचाळत शिवानीकडे धावल्या. सरांनी टोपी उडवली. आणि त्या सगळ्या गोंगाटात, बेसजवळ, विनिता मॅडम डावा हात आडवा ताणून, मूठ घट्ट मिटून उभ्या होत्या.

ओरडणे हळूहळू विरले. महेंद्र सरांनी त्या हाताकडे पाहिले आणि फलंदाजाला पहिल्या बेसकडे जायची खूण केली. तिसऱ्या बेसवरची मुलगी चालत घरी आली. कल्याणचा संघ जिंकला.

पुढे जे झाले ते मला आठवायला आवडत नाही. कुणी "ठाण्याहून शहाणपणा शिकवायला आल्या," म्हणाले, कुणी त्याहून वाईट. सरांनी मॅडमना नमस्कारसुद्धा केला नाही. गर्दी पांगल्यावर मॅडम एकट्याच आपली पिशवी घेऊन निघाल्या, तेव्हा शिवानी अजून माझ्यावरच उभी होती.

"मॅडम," तिने हाक मारली. "मी तीन वर्षं खेळतेय. तुमच्यापैकी एकानेही आधी का नाही सांगितलं?"

मला वाटले, मॅडम नियम सांगतील. पण त्या पिशवी खाली ठेवून तिच्यासमोर थांबल्या.

"तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं. आणि आमची पंचाईत होईल म्हणूनही. दोन्ही खरं आहे."

"रविवारी निवड आहे माझी."

"माहिती आहे."

"तिथं पण तुम्ही असणार?"

"नाही. तिथं कदाचित कुणी हात काढणारही नाही. पण संघात निवडली गेलीस तर पुढे बाहेरच्या राज्यात खेळशील. तिथले पंच आमचे ओळखीचे नसतात, शिवानी. पहिल्याच चेंडूला हात काढतील. मग तू काय टाकशील?"

मॅडम गेल्या. थोड्या वेळाने सर आले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. ठाण्याला पंच आपलेच आहेत. जशी टाकतेस तशी टाक. नाव येणार म्हणजे येणार." ते मायेने बोलत होते, हे मी शपथेवर सांगेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवानी आणि मृणाल फिरायला येणाऱ्यांबरोबरच आत आल्या. कुणीतरी काढलेले सामन्याचे चित्रण मृणालने मोबाइलवर आणले होते. माझ्यावर बसून दोघींनी ते हळू वेगात लावले.

"थांबव. हा माझा पाय आहे?"

"मग काय माझा? माझा केवढा आहे बघ, तंबूसारखा."

शिवानीने तो क्षण पुन्हा पुन्हा पाहिला. माझ्यावरून उचललेला पाय. खळग्यात रोवलेला पाय. तिथून उडालेली धूळ. जे मी वर्षानुवर्षे सोसत होते, ते तिला डोळ्यांनी दिसत होते. तिने मोबाइल परत दिला आणि बाबुरावांकडे घमेले मागितले.

"कशाला गं?"

"खळगा भरायचाय, काका."

"भोईर सर ओरडतील हां."

"ओरडू देत."

"अगं, वेडी आहेस का?" मृणाल म्हणाली. "रविवार चार दिवसांवर आलाय. खळग्याशिवाय तुझा चेंडू माझ्यापर्यंत पोचत नाही. तिकडे हे असं टाकलंस तर नाव येईल का? मामाच्या दुकानात झेरॉक्स काढत बसशील."

"बसेन. पण कुणी हात काढेल का, हे बघत नाही टाकणार मी. पुढच्या वर्षी कॉलेजबाहेरची म्हणून टाकेन, क्लबकडून टाकेन. आईला मी सांगते."

ती माती ओतू लागली. तिसरे घमेले रिकामे होत असताना फाटकाशी भोईर सर दिसले. ते तिथेच थबकले. त्या खळग्यात त्यांचे सगळे विजय होते. तो भरताना बघणे सोपे नव्हते. शिवानीही घमेले हातात धरून थांबली. मग सर आले, बूट काढून बाजूला ठेवले आणि उकिडवे बसून मातीत बोटे घातली.

"कोरडी बसत नाही," ते म्हणाले. "थर ओला कर. बाबुराव, धुम्मस आणा."

त्यांनी स्वतः माती चोपली. प्रत्येक ठोका मला बसत होता आणि तरीही, कितीतरी वर्षांनी, माझ्यापुढे सपाट जमीन होती.

मित्रांनो, रविवारी ठाण्याला काय होईल हे मला विचारू नका. हे सांगते आहे तेव्हा तो रविवार अजून यायचा आहे, आणि आल्यावरही मी तिथे नसेन. मला इथून हलता येत नाही. तुमचे तसे नाही. तुमच्या मैदानावर माझ्यासारखी एखादी पट्टी असेल, तर खेळून झाल्यावर तिच्यापुढची माती तेवढी भरत जा. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी पंच झाले, शिक्षक झाले, आईबाप झाले, तर मुलाचा पाय पहिल्यांदा चुकेल तेव्हाच हात काढा. उशिरा काढलेला हात फार जड असतो, काढणाऱ्यालाही.

त्या सकाळी शिवानीने माझ्यावर पाय ठेवला आणि पहिला चेंडू टाकला. तो मध्येच जमिनीवर आपटून घरंगळत गेला. मृणालने तो उचलला, परत फेकला आणि मुखवटा ओढून पुन्हा बसली. सर एका बाजूला अनवाणी उभे होते. त्यांची नजर चेंडूवर नव्हती, तिच्या पायावर होती. शिवानीने चेंडू झेलला, माझ्यावर पाय रोवला आणि जोर माझ्यावरूनच लावला.